काळीज नेमकं कुठं असतं?

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात बसून एखाद्या मुलीला आज माणसाचं शरीर शिकायचं असेल, तर तिच्या हाती आधी मोबाइल येतो. अकरावी-बारावीचं जीवशास्त्र असो, नीटची तयारी असो की नर्सिंगचं पहिलं वर्ष, शिकवणारा पडद्यावर असतो आणि त्याच्या शेजारी एक चित्र. मांडीचं हाड, हाताच्या शिरा, हृदयाचा उभा छेद. ही चित्रं कुणी काढली, असं कुणी विचारत नाही. चित्र पाठ्यपुस्तकातलं असलं की ते कुणीतरी काढलेलं असतं हेच आपण विसरतो.

त्यातल्या अनेक चित्रांच्या मुळाशी एक माणूस आहे, आणि त्यानं आयुष्याची तीस वर्षं आपल्याकडे काढली. मुंबईत, साताऱ्यात, पुन्हा मुंबईत. त्याचं नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर.

'ग्रेज् अ‍ॅनाटॉमी' हे नाव वैद्यकाशी संबंध नसलेल्यांच्याही कानावरून गेलेलं असतं. हेन्री ग्रे हा लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधला शल्यविशारद. १८५६ आणि १८५७ या वर्षांत त्यानं आणि कार्टरनं मिळून शवविच्छेदनं केली. ग्रेनं मजकूर लिहिला, कार्टरनं ३६३ चित्रं काढली. ती कागदावर नव्हे तर थेट लाकडी ठोकळ्यांवर आणि उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटावीत अशी. कार्टरनं आणखी एक गोष्ट केली. तोवर शरीराच्या चित्रांत अवयवाला आकडा किंवा अक्षर द्यायचं आणि खाली यादीत त्याचं नाव शोधायला लावायचं, अशी पद्धत सर्रास होती. कार्टरनं नाव अवयवावरच लिहिलं. हाडाच्या लांबीनं, स्नायूच्या वळणानं, रस्त्याच्या नकाशावर रस्त्याचं नाव लिहावं तसं. आज व्हिडिओत बाण येऊन अवयवावर अक्षरं उमटतात, त्यामागची कल्पना हीच. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलू द्यायची नाही.

पुस्तक १८५८ साली निघालं. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले होते. कार्टरला एकदाच दीडशे मिळाले, नंतर काही नाही. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रेनं कार्टरचं नाव लहान टायपात घ्यायला लावलं. पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो त्याच वर्षी मुंबईला येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायला लागला होता. म्हणजे जगातलं सर्वांत गाजलेलं शरीररचनेचं पुस्तक ज्याच्या चित्रांवर उभं आहे तो माणूस भायखळ्यात मराठी, गुजराती, पारशी, गोवेकर मुलांसमोर उभा राहून तोच विषय शिकवत होता. ग्रे १८६१ साली देवीच्या रोगानं वारला, चौतिसाव्या वर्षी. कार्टर १८६३ पासून जवळजवळ नऊ वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. पुढे त्यानं महारोगावर आणि पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर ग्रंथ लिहिले. हा दुसरा रोग अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी कार्टरचं खरं काम हे, चित्रं नव्हेत. पण आपला विषय चित्रांचा आहे.

आणि भाषेचा. कारण कार्टर ग्रँट कॉलेजात इंग्रजीतून शिकवत होता तेव्हाच, १८६१ साली, त्याच कॉलेजात मराठीतून आणि गुजरातीतून वैद्यक शिकवणारे वर्ग सुरू झाले. हे आज सांगितलं तर अनेक डॉक्टरांनाही खरं वाटत नाही.

याची सुरुवात आणखी मागची आहे. १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मुंबईत देशी मुलांसाठी एक वैद्यकशाळा निघाली. शिकवणं देशी भाषांत, त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची मराठीत आणि गुजरातीत भाषांतरं. शाळा १८३२ साली बंद झाली. सरकारी मत असं पडलं की या मुलांना पुरेसं येत नाही. त्यांना शवाला हात लावायची संधी नव्हती, ही त्यातली मोठी अडचण. शब्द मराठीत आले, शरीर आलं नाही.

१८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा उलट झालं. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय, डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्यासारखा कडक प्राचार्य, शवविच्छेदनाचं टेबल. शरीर आलं आणि शब्द इंग्रजी झाले. १८५१ साली पहिली आठ मुलं पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. एका पिढीपूर्वी प्रेताला शिवणं म्हणजे सुतक आणि स्नान, आणि ही मुलं तासन्‌तास त्यावर वाकून बसत. घरी जाऊन काय सांगत असतील, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

हा पेच फक्त मुंबईचा नव्हता. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांना शरीरशास्त्राचा नाद होता. त्यांच्याकडे युरोपीय ग्रंथ होते, डोळ्यांच्या रोग्यांची सचित्र टिपणं होती. पण खऱ्या माणसाची हाडं राजवाड्यात कशी आणायची? त्यांनी लंडनहून घडवलेला सांगाडा मागवला. ज्याला टेबलापर्यंत जाता येत नाही, त्यानं प्रतिकृतीवरून शिकायचं. सरफोजींचा सांगाडा आणि निमोण्यातला मोबाइल यांची जात मला तरी एकच वाटते.

१८६१चे ग्रँट कॉलेजातले मराठी वर्ग म्हणजे हे दोन तुकडे जोडण्याचा पहिला खरा प्रयत्न. शरीर समोर आणि शब्द मराठी. या वर्गांसाठी मराठीत पुस्तकं लागली, आणि ती लिहिणारी माणसं इंग्रजी वर्गातून आलेली होती. डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, यांनी 'गर्भविद्या व प्रसूतिप्रकरण' लिहिलं. गर्भाशय, नाळ, वार यांच्याबद्दल मराठीत, छापील, सर्वांना वाचता येईल असं. त्या काळी हे सोपं नव्हतं. या वर्गांतून निघालेली माणसं मोठी डॉक्टर म्हणून मिरवली नाहीत. ती हॉस्पिटल असिस्टंट झाली, लहान गावांतल्या दवाखान्यांत गेली. रोग्याशी ती त्याच्या भाषेत बोलत, आणि पोटात काय बिघडलंय ते त्यांना त्याच भाषेत शिकवलेलं असे. १८७८ साली बैरामजी जीजीभॉय यांच्या नावानं पुण्यात ससूनच्या आधारानं मेडिकल स्कूल निघालं ते अशाच माणसांसाठी. तेच पुढे इंग्रजीतल्या एलसीपीएसकडे वळलं आणि १९४६ साली बी. जे. मेडिकल कॉलेज झालं. दर्जा वाढला यात शंका नाही. मराठी मात्र वर्गाबाहेर गेली आणि रोग्याची केस लिहून घेण्यापुरती उरली.

मराठीत शब्द नव्हते म्हणून असं झालं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. शब्द होते, भांडण ते कुठल्या घरचे घ्यायचे याचं होतं. एक घर संस्कृतचं. ग्रँट कॉलेजात शिकलेले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८०च्या सुमारास वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' संपादून छापलं. सुश्रुतानं तर शवविच्छेदनाची रीतच दिली आहे: प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचं, मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. त्याच्या गणतीनं हाडं तीनशे, चरकाच्या गणतीनं तीनशे साठ, आजच्या पुस्तकात दोनशे सहा. दात, नखं, कूर्चा कशात धरायच्या यावर हिशेब बदलतो. कुणी आंधळं होतं असं नाही.

दुसरं घर खाटकाचं, सुइणीचं, हाडवैद्याचं. बरगडी, मणका, खुबा, घोटा, पोटरी, जबडा, वार, नाळ, आतडं, फुप्फुस, प्लीहेला पानथरी. हे शब्द कुणी समितीत बसून केलेले नाहीत. पण त्यांत घोटाळेही आहेत आणि शिकवणाऱ्याला त्यांच्याशी झुंजावं लागतं. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळतं. गाण्यात काळीज धडधडतं ते हृदय. एकच शब्द, दुकानात उजवीकडच्या बरगड्यांखाली आणि गाण्यात डावीकडे छातीत. 'शीर' तर कशालाही म्हणतात: रक्तवाहिनी, कंडरा, मज्जातंतू. पायाला गोळा आला तरी शिरेवर शीर चढते. संस्कृत 'स्नायु' म्हणजे हाडं बांधणारे तंतू. मराठीत तोच शब्द मांसपेशीसाठी रूढ झाला. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला एकाच दिवशी दोन वर्गांत दोन अर्थ सांभाळावे लागतात.

आता मोबाइलकडे येऊ. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि शरीररचना पडद्यावर शिकवायची वेळ सगळ्यांवरच आली. त्या वर्षीच्या एमबीबीएसच्या नव्या विद्यार्थ्यांचे वर्ग १ फेब्रुवारी २०२१ पासून सुरू झाले. प्राध्यापकांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. पडद्यावरचं शरीर नेहमी एकच असतं, स्वच्छ रंगवलेलं, धमनी लाल, शीर निळी. टेबलावर सगळं तपकिरी-राखाडी, चरबीत गुरफटलेलं, आणि प्रत्येकात वेगळं. पित्ताशयाला जाणारी धमनी पुस्तकात दाखवलेल्या जागी सापडेलच असं नाही, आणि शस्त्रक्रियेत ती न सापडणं महागात पडतं. हे बोटांनीच शिकायचं असतं.

पण शरीरक्रियेचं उलट आहे, आणि ही गोष्ट त्या वादात कुणी फारशी बोललं नाही. मेलेल्या शरीरात काहीच चालत नाही. झडप कशी मिटते, रक्त उलटं का फिरत नाही, फुप्फुसात हवा आपोआप कशी शिरते, हे दोनशे वर्षं स्थिर चित्रांवर बाण काढून सांगावं लागलं. हलणाऱ्या चित्रात ते दोन मिनिटांत कळतं. इथं टेबल कमी पडत होतं आणि व्हिडिओ पुरा पडतो.

व्हिडिओतलं शरीरही कुणाचं तरी असतं, हे मात्र लक्षात ठेवावं. अमेरिकेत १९९४ साली फाशीऐवजी विषारी इंजेक्शननं मारलेल्या एका कैद्याच्या शरीराचे एकेक मिलिमीटरचे १,८७१ काप करून त्यांची छायाचित्रं खुली केली गेली. संगणकावरच्या कितीतरी त्रिमित शरीरांचा पाया तो आहे. ग्रे-कार्टरच्या टेबलावरची प्रेतं लंडनच्या गरिबांची, कुणी न नेलेली. आपल्याकडे १९४९चा मुंबईचा अ‍ॅनाटॉमी कायदाही बेवारस प्रेतांसाठीच झाला. आणि १९८५ साली बंदी येईपर्यंत जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कपाटातले खरे सांगाडे मोठ्या प्रमाणात भारतातून जात. सरफोजींनी लंडनहून खोटा सांगाडा मागवला. नंतर लंडनला खरे सांगाडे इथून गेले.

नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. पण गावातल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी अकरावी सायन्सला इंग्रजीत पडते आणि पुढेही इंग्रजीतच राहते. मधल्या खड्ड्यात तिला आधार मिळतो तो मराठीत बोलणाऱ्या व्हिडिओंचा. त्यांची भाषा शुद्ध नाही. 'हार्टचा लेफ्ट व्हेंट्रिकल जास्त जाड का असतो, तर त्याला पूर्ण बॉडीला ब्लड पोचवायचंय.' भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांना हे वाक्य दाखवायची सोय नाही. तरी वाक्याची घडण मराठी आहे, 'का' आणि 'तर' मराठी आहेत, आणि कारण समजतं ते त्या दोन शब्दांमुळे. १८६१च्या मराठी वर्गातही शिकवणारे याहून फार वेगळं बोलत असतील असं मला वाटत नाही. छापताना सोवळं नेसवलं असेल. दीडशे वर्षांपूर्वीचा तो वर्ग कुणी ठराव न करता पुन्हा भरला आहे, आणि या वेळी तो निमोण्यापर्यंत पोचतो.

त्यात उणीव आहे ती हाताची, आणि ती थोडी तरी घरीच भरून काढता येते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. ती पामॅरिस लाँगसची कंडरा. काही जणांत ती नसतेच, काहींच्या एकाच हातात असते. घरातल्या पाच माणसांचे दहा हात पाहिले तर पडद्यावर कधी न दिसणारी गोष्ट दिसते: शरीरं सारखी नसतात.

दुसरी उणीव चित्रावरच्या अक्षरांची. 'ग्रेज् अ‍ॅनाटॉमी'ची १९१८ची अमेरिकन आवृत्ती, तिच्यातल्या १,२४७ चित्रांसह, स्वामित्वहक्कातून मोकळी आहे. कार्टरची कितीतरी हाडं तिच्यात आहेत. साताऱ्याच्या सिव्हिल सर्जननं नावं हाडावर लिहिली ती इंग्रजीत. ती खोडून तिथं मांडीचं हाड, खुब्याचा गोळा, नडगी, पोटरीचं हाड असं लिहायला आज कुणाची परवानगी लागत नाही. यकृताच्या चित्रावर काय लिहायचं, ते मात्र आधी भांडून ठरवावं लागेल.