गंजरोधक बोल्ट (रायगड किनारा)

लाकूड वा धातूचे भाग जोडण्यासाठी वापरायचे, खाऱ्या हवेत टिकणारे बोल्ट. उरण-करंजापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात ही निवड फार जपून करावी लागते. हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते. त्यातले क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही, त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जागोजागी भेदते.

दुर्लक्ष किती महागात पडते, हे याच कोकण किनाऱ्यावर मालवणला दिसले. राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे नट-बोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने २० ऑगस्ट २०२४ रोजी नौदलाला लिहिले आणि २६ ऑगस्टला पुतळा कोसळला. त्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले होते, म्हणजे मधे जेमतेम एक पावसाळा गेला.

बाजारात ‘एसएस’ म्हणून तीन प्रती सर्रास मिळतात. २०२ स्वस्त, पण त्यात निकेल कमी. किनाऱ्यावर ती लवकर तांबूस पडते. ३०४ (शिक्का ए२) आडोशाला चालते. ३१६ (शिक्का ए४) मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेत खरी टिकते. चुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे फसवी आहे: २०२ सुद्धा चुंबकाला फारशी चिकटत नाही. स्टेनलेसचे आटे घट्ट आवळताना एकमेकांना धरतात, म्हणून ग्रीस लावून सावकाश फिरवावे.

जस्ताच्या मुलाम्यातही फरक आहे. विजेने चढवलेला चकचकीत थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा, तर वितळलेल्या जस्तात बुडवलेला खरबरीत थर ४० मायक्रॉनच्या वर असतो. या जाड थरासाठी नटाचे आटे मोठे पाडतात, म्हणून नट-बोल्ट जोडीनेच घ्यावेत.

साग, ऐन अशा लाकडात साध्या लोखंडी बोल्टाभोवती काळा डाग धरतो आणि हळूहळू भोक सैल होते. होडीच्या डेकवर ३१६ उत्तम. पाण्याखालच्या ओल्या फळीत मात्र प्राणवायू पोचत नसल्याने तीच खड्डे पडून आतून पोखरली जाते. तिथे सिलिकॉन ब्राँझ किंवा जाड जस्ताचा बोल्ट बरा. या जागी चकाकीवर भुलून स्टेनलेस बसवणे ही चूकच होय.

धातूच्या जोडणीत स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधा लोखंडी बोल्ट लावू नये. बोल्टच आधी झिजतो. छपराच्या पत्र्यांचे जे-बोल्ट डांबरी वायसरसह बसवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरच्या असंख्य घरांचे पत्रे उडाले. तेव्हा दर पावसाळ्याआधी हे बोल्ट तपासून गंजलेले बदलावेत.

समुद्रालगत उघड्यावरच्या जोडणीसाठी बोल्ट, नट आणि वायसर तिन्ही ३१६ प्रतीचेच घ्यावेत. डोक्यावर शिक्का नसलेला बोल्ट भार पेलणाऱ्या जागी लावू नये.