बालीवाला थिएटरातली भामिनी

८ जुलै १९२१, शुक्रवार. आषाढ नुकताच लागलाय आणि तुम्ही ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडताय. पायांखाली चिखल, डोक्यावर छत्र्यांची दाटी. ट्रामची घंटा आणि व्हिक्टोरियावाल्यांच्या हाळ्या यांच्या गलक्यात एकच नाव पुन्हा पुन्हा कानावर येतं: बालीवाला. सगळी गर्दी त्याच दिशेनं सरकतेय. कोट-उपरण्यातले गिरगावकर वकील आहेत, फणसवाडी-खेतवाडीतले कारकून आहेत, रात्रभर गाडीत बसून पुण्या-कोल्हापूरहून आलेले शौकीन आहेत. कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाच्या काळी टोपी, आणि मधूनमधून खादीची नवीकोरी पांढरी टोपी.

खिशातलं तिकीट जपा. आजचे दर नेहमीच्या कितीतरी पट आहेत, तरी तिकीटखिडकी कधीच बंद झालीय. ज्यांना तिकीट मिळालं नाही तेही घरी परतलेले नाहीत. भिंतीपलीकडून एखादी तान कानावर पडली तरी पुष्कळ, म्हणून ते पावसात उभे आहेत.

आज 'संयुक्त मानापमान' आहे. एरवी एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या दोन नाटक कंपन्या, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, आज एका रंगमंचावर येणार आहेत. भामिनी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. धैर्यधर केशवराव भोसले. येणारं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. गांधीजींनी या फंडासाठी देशाकडे एक कोटी रुपये मागितलेत. लोकमान्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. सरदारगृहापासून चौपाटीपर्यंत पावसात भिजत गेलेली ती अंत्ययात्रा या गर्दीतल्या पुष्कळांच्या अंगावर अजून ओली आहे. नाटक लिहिलंय ते 'केसरी'त लोकमान्यांच्या हाताखाली घडलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. आणि दहा-बारा वर्षांच्या नारायणाचं गाणं ऐकून त्याला 'बालगंधर्व' म्हणणारेही लोकमान्यच, असं इथल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. लोकमान्यांच्या नावाच्या फंडासाठी त्यांचा बालगंधर्व आज उभा राहणार, एवढ्यानंच पिटातल्या माणसांचे डोळे भरून आलेत.

आत चला. पारशी रंगभूमीवरचे मोठे नट खुर्शेदजी बालीवाला यांच्या नावाचं हे थिएटर आहे. ओल्या कपड्यांचा, विड्यांचा आणि अत्तराचा वास एकमेकांत मिसळलाय. तिसरी घंटा होते. नांदी संपते. ऑर्गनचा सूर भरतो, सारंगी त्याला बिलगते, आणि काही वेळानं ती येते.

शेजारचे गृहस्थ तुमचं मनगट घट्ट धरतात. "बघा हं पाहुणे, आता पापणी लववू नका."

भारी जरीचा शालू. नाकात नथ, गळ्यात दागिन्यांचे सर, खोप्यावर वेणी. समोर जो उभा आहे तो तेहतीस वर्षांचा, भरल्या अंगाचा, संसारी पुरुष आहे, हे थिएटरातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे. तुम्हालाही. पण ती दोन पावलं टाकते, पदर सावरते, श्रीमंत बापाच्या लाडक्या लेकीच्या तोऱ्यात मान किंचित वळवते, आणि ठाऊक असलेली ती गोष्ट आठवायचंच तुम्ही विसरता. बायकांच्या बाजूला पाहा. तिथं कुजबूज थांबलीय. निऱ्या कशा घेतल्यात, पदर खांद्यावर कुठून आलाय, गजरा किती तिरका आहे, हे सगळं डोळ्यांनी टिपून घेतलं जातंय. येत्या हळदीकुंकवाला गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत हेच नेसणं आणि हाच खोपा दिसणार आहे. एका पुरुषानं या शहरातल्या बायकांना नटायला शिकवलं, आणि त्यांनी ते आनंदानं उचललं.

आता तो शालू नीट निरखा. नाटकात खोटी जर चालते, रंगवलेला पडदा चालतो, काचेचे हिरे चालतात. दहाव्या रांगेतून कुणाला काय कळतं? नारायणरावांना ते चालत नाही. भरजरी वस्त्रं अस्सल हवीत आणि त्यांवर अत्तरही उंची हवं. दहाव्या रांगेपर्यंत तो वास पोचत नसेल, पण तो अंगावर असताना नटाची चाल बदलते, आणि ती चाल शेवटच्या बाकापर्यंत पोचते. समोर बसलेला प्रत्येक माणूस मायबाप आहे, आणि मायबापापुढे हलकं काही ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म आहे. ते भेटेल त्याला 'देवा' म्हणून हाक मारतात. ही लकब नाही; या माणसाला समोरच्यात खरोखरच देव दिसतो.

मग गाणं सुरू होतं. ध्वनिक्षेपक नाही. तरी गॅलरीतल्या शेवटच्या माणसाला प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येतंय, आणि पहिल्या रांगेतल्याला आवाज चढवल्यासारखा वाटत नाही. या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आहेत. पूरबी ठुमऱ्या, कजऱ्या, गझला, गवयांच्या आणि गायिकांच्या बैठकीतलं रंगेल संगीत त्यांनी उचललं आणि मराठी नाटकात आणून बसवलं. १९११ साली ते इतकं ताजं होतं की रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडीही गेलं. आज दहा वर्षांनंतरही पदाची पहिली ओळ सुरू होताच थिएटरभर एक सुस्कारा फिरतो.

नारायणराव तानांचा पाऊस पाडत नाहीत. एखाद्या शब्दाशी थांबतात, त्याला हलकेच वळण देतात आणि समेवर असे येतात की तुमची मान आपोआप डोलते. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्या गळ्यात मुरलीय, पण बुद्धीचं ओझं कुठंच जाणवत नाही. "वन्समोअर!" पिटातून आरोळी उठते. ते पुन्हा गातात. पुन्हा आरोळी. तिसऱ्यांदा तेच पद येतं आणि तरी ते तेच नसतं. एक जागा नवी असते, आणि जाणकारांच्या रांगेतून "वाहवा" निसटते.

समोर धैर्यधर उभा आहे. केशवरावांचा आवाज तलवारीच्या पात्यासारखा झळकतो. उंच स्वरात ते तान टाकतात तेव्हा छताकडे बघावंसं वाटतं. त्यांनीही कोवळ्या वयात शारदेसारख्या स्त्रीभूमिका गाजवल्या, सतराव्या वर्षी स्वतःची कंपनी काढली, संसार ओढावा तशी ती ओढली. गंधर्ववाले आणि भोसलेवाले गेले कित्येक आठवडे पैजा लावतायत: कोण कुणाला गाऊन झोपवतो? पण रंगमंचावर काय चाललंय ते बघा. केशवरावांची तान संपते तेव्हा भामिनी ऐकतेय, खरंच ऐकतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक लपत नाही. तिच्या पदाच्या वेळी धैर्यधर एक पाऊल मागे सरतो. दोघं एकमेकांना जागा देतात, आणि दोघांचंही गाणं वाढत जातं. मध्यंतरात पैजा लावणाऱ्यांना विचारा. कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येत नाही.

या नाटकातली सगळ्यात अवघड गोष्ट अजून व्हायची आहे. गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी भामिनी पुढे वनमाला होऊन, साध्या वेषात, त्याला पारखायला जाते. शालू गेला, दागिने गेले. मघापासून ज्या थाटावर तुमची नजर खिळली होती तो सगळा उतरला. आता भुरळ ओसरायला हवी. ती वाढते. साध्या लुगड्यातली ती मुलगी बोलू लागते आणि तुम्हाला कळतं की इतका वेळ ज्याला तुम्ही थाट म्हणत होतात त्याचं मूळ या माणसाच्या बघण्यात आणि थांबण्यात होतं. तरीही त्यानं शालू अस्सलच नेसला. मूळ आपल्याजवळ आहे म्हणून प्रेक्षकाच्या वाट्याची जर त्यानं वाचवली नाही.

शेजारचे गृहस्थ डोळे पुसत हळूच सांगतात, "मी पहिला प्रयोग पाहिलाय. रिपनला."

मग तिथंही जाऊन या. याच ग्रँट रोड भागातलं रिपन थिएटर, १२ मार्च १९११. किर्लोस्कर नाटक मंडळीचं 'मानापमान' आज पहिल्यांदा रंगभूमीवर येतंय. बाहेर गर्दी हीच, उत्सुकता हीच. रंगपटात मात्र माणसं खाली मान घालून उभी आहेत. नारायणरावांची तान्ही मुलगी आज गेली. प्रयोग पुढे ढकलू, असं जवळची माणसं म्हणतायत. बावीस वर्षांचा बाप आरशासमोर बसतो आणि चेहऱ्याला रंग लावू लागतो. लोक लांबून आलेत. त्यांना परत पाठवायचं नाही. त्या रात्री भामिनी हसली, रुसली, लाडात आली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांना काहीच कळलं नाही. मला ही गोष्ट कधीच नुसत्या कौतुकानं सांगता येत नाही. त्या बापाला रडायची रात्रही मिळाली नाही, आणि ती आपणहून सोडून देणारा तोच होता. त्याच्या नटण्याकडे चैन म्हणून बघणाऱ्यांनी ही एक रात्र ध्यानात ठेवावी.

पुन्हा बालीवालात या. भरतवाक्य झालंय, पडदा पडलाय, आणि लोक उठायला तयार नाहीत. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, त्यांना नाही. तीन आठवड्यांनी, ३१ जुलैला, परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजी परदेशी कापडांची होळी पेटवतील. आणि ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव तापानं जातील. आजच्या रात्रीची जोडी फार दिवस टिकायची नाही, हे शेजारच्या गृहस्थांना सांगू नका. त्यांना आज तृप्त मनानं घरी जाऊ द्या.

याच वर्षी नारायणराव कर्जासकट कंपनीचे एकटे मालक होतात. बोडस, टेंबे या सहकाऱ्यांसोबत १९१३ साली उभी केलेली ती मंडळी आता त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आहे. सात वर्षांत ते सगळं कर्ज फेडतात. आणि फेडलं की पुन्हा नवे पडदे, नवे शालू, साथीला त्या काळातले उत्तमातले उत्तम वादक. अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी नाटकाच्या पिटात बसतो, ही चैन दुसऱ्या कुणी केली नाही.

आता दहा वर्षं पुढे या. १९ नोव्हेंबर १९३१, चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस. येताना गिरगावातल्या मॅजेस्टिकवरून चालत या. तिथं याच वर्षी मार्चमध्ये 'आलम आरा' लागला, आणि पडद्यावरची माणसं बोलू-गाऊ लागली. काही आण्यांत गाणी, नाच, गोष्ट, सगळं मिळतं. पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा' येईल आणि पडदा मराठीतही बोलू लागेल. नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांतून चुली विझू लागल्यात.

ऑपेरा हाऊसच्या सोनेरी नक्षीखाली आज 'कान्होपात्रा'चा पहिला प्रयोग आहे. नारायणराव त्रेचाळीस वर्षांचे आहेत. अंग सुटलंय. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, रूपाचा बाजार नाकारून पंढरीच्या विठ्ठलाच्या पायाशी जाणारी, हा माणूस या वयात करणार? मास्टर कृष्णरावांच्या चालीतला अभंग सुरू होतो आणि प्रश्न विरतो. बघता बघता ऑपेरा हाऊसातल्या गुबगुबीत खुर्च्यांवर बसलेले लोक टाळ्यांचा ठेका धरतात. भामिनीच्या तोऱ्यात आणि कान्होपात्रेच्या शरणागतीत अंतर फार वाटतं, पण गाणारा तोच आहे आणि त्याची रीतही तीच: समोरच्या देवाला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं द्यायचं.

पुढची वर्षं भराभर सरतात. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ होतात, पुरुषवेषात; कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यानं अभिनय करणं त्यांना मानवत नाही, आणि ते रंगभूमीकडे परततात. गायिका गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत येतात. आता स्त्रीभूमिका स्त्रियाच करू लागल्यात. पुढे पाय निकामी होतात. बसल्या जागेवरून ते भजनं गातात. १९६४ साली पद्मभूषण मिळतं, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते जातात. ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव मिळालं, ज्याची कोनशिला त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती, ते पुढच्या वर्षी उघडतं.

लोक म्हणतात, त्यांना पैसा राखता आला नाही. खरंच आला नाही, आणि शेवटची ओढग्रस्त वर्षं पाहून जीव कळवळतो. पण तो पैसा गेला कुठे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. तो बालीवालातल्या पिटात बसलेल्या कारकुनावर, गॅलरीतल्या त्याच्या बायकोवर, तुमच्यावर खर्च झाला. मराठी माणसानं वर्षातून एखाद्या रात्री राजासारखं बसावं, त्याच्यासमोर खरी जर झळकावी, खरं अत्तर दरवळावं, थिरकवाँचा तबला वाजावा, यासाठी एका माणसानं आयुष्यभर कर्ज काढलं. गिरगावच्या साहित्य संघात आजही तिशीच्या आतली मुलं 'मानापमान'ची पदं गाताना दिसतात. त्यांच्या गळ्यात तो ठेवा आहे. आज रंगमंचावर झगमगणाऱ्या कुठल्याही गायकाला मी एवढंच विचारेन: हा झगमगाट तू कुणासाठी केलास? नारायणराव राजहंसांनी या प्रश्नाचं उत्तर पंचाहत्तर वर्षांहून लांब आयुष्यात एकदाही बदललं नाही.