फाइलीत चित्र नव्हते, तरी नक्कल ठरली

१९९६ साली अमेरिकेत ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ हा संगणकावरचा खेळ विक्रीस आला. त्यात २९ टप्पे होते. नवे टप्पे रचण्याचे एक साधनही सोबत दिले होते. आपण रचलेले टप्पे इतरांना खुशाल द्यावेत, पण फुकट, अशी अट होती. मायक्रो स्टार या कंपनीने खेळाडूंचे असे ३०० टप्पे इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि ‘न्यूक इट’ या नावाने त्यांची सीडी विकायला काढली.

खेळाचे हक्क फॉर्मजेनकडे होते. वाद कोर्टात गेला. मायक्रो स्टारचा बचाव आम्हा विज्ञानवाल्यांना क्षणभर पटावा असाच होता. टप्प्याच्या फाइलीत एकही चित्र नसते! कोठे काय मांडायचे एवढ्या सूचना. चित्रे येतात मूळ खेळाच्या साठ्यातून. मग नक्कल झाली कशाची?

अपील न्यायालयाला १९९८ मध्ये हे पटले नाही. स्वरलिपीच्या कागदातून आवाज निघत नाही, तरी तो पाहून पेटीवर तीच चाल वाजते. तसेच या सूचनांमुळे पडद्यावरचे दृश्य नेमके ठरते. शिवाय नायक ड्यूकच, म्हणजे या त्याच्याच कथेच्या पुढच्या आवृत्त्या. आणि त्या काढण्याचा हक्क मूळ कर्त्याचा. विक्रीला मनाई करावी, असा निर्णय झाला.

निन्टेन्डोच्या खेळांत फेरफार करणारे ‘गेम जिनी’ हे उपकरण मात्र १९९२ मध्ये याच न्यायालयातून सुटले होते. त्याने केलेला बदल खेळ बंद करताच नाहीसा होई. ‘न्यूक इट’चे टप्पे सीडीवर कायमचे कोरलेले होते.