डोळ्यावरची वाटी

कॉन्टॅक्ट लेन्स म्हटलं की आपल्या नजरेसमोर येते ती बुबुळावर चिकटणारी इवलीशी मऊ चकती. पण मंडळी, पहिली कॉन्टॅक्ट लेन्स अशी मुळीच नव्हती. ती होती चांगली मोठी काचेची वाटी, बुबुळाला न शिवता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी. गंमत म्हणजे शंभर वर्षं अडगळीत जायच्या बेतात असलेली ही वाटी आता पुन्हा डॉक्टरांच्या हातात आली आहे. पांढऱ्या भागाला स्क्लेरा म्हणतात, म्हणून ही स्क्लेरल लेन्स.

हिची गरज का पडते? बुबुळासमोर कॉर्निया नावाचं पारदर्शक पटल असतं. केरॅटोकोनस या आजारात ते पातळ होत जातं आणि शंकूसारखं पुढे येतं. पृष्ठभागच वेडावाकडा झाल्यावर चष्म्याची काच कितीही बदला, नीट दिसत नाही. आता आपल्याकडचा पावसाळ्यातला रस्ता आठवा. खड्ड्यात पाणी साचलं की वरून सगळं कसं सपाट! स्क्लेरल लेन्स नेमकं हेच करते. वाटीत सलाइन भरून ती डोळ्यावर बसवली की पाणी कॉर्नियाचे उंचवटे-खळगे झाकून टाकतं. पाणी आणि कॉर्निया प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे प्रकाशाला भेटतो तो लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग.

ही कल्पना 1888 मध्ये झ्युरिकच्या अॅडॉल्फ फिक या जर्मन डॉक्टरने मांडली. काच घासून दिली येनाच्या प्राध्यापक आबे यांनी. फिकने आधी सशांवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले. वाटीत तो द्राक्षशर्करेचं पाणी भरायचा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्ट केरॅटोकोनससाठी काचेच्या लेन्स वापरून बघत होता. 1889 मध्ये कील विद्यापीठातल्या ऑगस्ट म्युलरने स्वतःच्या उणे 14 नंबरासाठी अशी लेन्स करून घेतली. डोळा कोकेनने बधिर करूनही त्याला ती जेमतेम अर्धा तास सोसवली. पुढे गडी नेत्रविद्या सोडून हाडांचा डॉक्टर झाला!

अडलं कुठे? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून. काचेची वाटी म्हणजे त्याच्या नाकावर ठेवलेला हातच. थोड्या वेळात कॉर्निया सुजायचा आणि सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायचं. हे धुकं फिकलाही दिसलं होतं.

पुढच्या लोकांनी आपापल्या परीने झुंज दिली. बुडापेस्टच्या जोसेफ डॅलोसने जिवंत डोळ्याचे साचे घेऊन लेन्स घडवल्या आणि 1937 मध्ये तो लंडनला आला. न्यूयॉर्कच्या विल्यम फाइनब्लूमने 1936 मध्ये काचेला प्लास्टिकची जोड दिली. मग पूर्ण अॅक्रिलिकच्या लेन्स आल्या. वजन घटलं, पण अॅक्रिलिकमधूनही प्राणवायू जाईना. 1948 मध्ये केव्हिन टुओहीने लेन्स फक्त कॉर्नियापुरती छोटी केली. 1961 च्या नाताळात ओट्टो विख्टरलेने प्रागमध्ये मुलांच्या जोडणीच्या खेळण्यापासून यंत्र बनवून मऊ लेन्स काढल्या. जग तिकडे वळलं. पण मऊ लेन्स ओल्या फडक्यासारखी, खालचा आकार जसा तशीच बसणार. शंकूवर तिचा फारसा उपयोग नाही.

तिढा सोडवला नव्या प्लास्टिकने. 1970 च्या दशकात सिलिकॉन मिसळलेली, प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक मटेरियल्स आली. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉन इझिकिएल यांनी त्यांपासून स्क्लेरल लेन्स करून दाखवल्या. आमच्या इथे, बॉस्टनजवळ, डॉ. पेरी रोझेंथाल यांनी 1992 मध्ये याच कामासाठी संस्था काढली. त्यांच्या लेन्सला 1994 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. इंजिनिअर म्हणून मला यात आपल्या धंद्याची जुनीच कथा दिसते. ड्रॉइंग बरोबर होतं, माल मिळत नव्हता.

फायदा फक्त नजरेचा नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये, म्हणजे बहुधा एखाद्या औषधाच्या भयंकर रिअॅक्शनमुळे, डोळे कोरडे ठणठणीत पडतात, पापणी कॉर्नियावर कानशीसारखी घासते. अशा डोळ्याला वाटीतलं पाणी दिवसभर भिजवून ठेवतं, आणि वाटी पापणीचा मार स्वतःवर घेते.

अर्थात ही जादू नाही. मान खाली घालून, चेहरा जमिनीला समांतर ठेवून ती घालायला शिकावं लागतं, नाहीतर आत बुडबुडा राहतो. नळाचं पाणी वर्ज्य, झोपताना काढायचीच. खर्च भरपूर. आजार ती बरा करत नाही. केरॅटोकोनस वाढू नये म्हणून क्रॉसलिंकिंग हा वेगळा उपचार आहे.

चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था या लेन्स बसवतात. घरात कोणा मुलाचा तिरका नंबर सारखा बदलत असेल आणि तो डोळे चोळत असेल, तर नुसता चष्मा बदलू नका, कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. आणि कॉर्निया बदलायचा सल्ला मिळालाच, तर डॉक्टरांना आधी एवढं जरूर विचारा: "स्क्लेरल लेन्सने भागेल का?" बऱ्याच जणांचं भागतं.