एकोणचाळीस मिनिटांचा तंटा

घड्याळ हे यंत्र मनुष्याच्या सोयीसाठी निर्माण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या सोयीच्या वस्तूवरून एका थोर शहराने आपल्या सरकारशी सुमारे सत्तर वर्षे अढी धरावी, आणि सरकारनेही दिव्याच्या तेलवातीइतक्या क्षुल्लक गोष्टीपर्यंत खाली उतरून ती अढी जोपासावी, ही हिंदुस्थानच्या सार्वजनिक जीवनातील एक चमत्कारिक कथा होय. हे शहर म्हणजे मुंबई, आणि तंट्याचा विषय म्हणजे ‘मुंबई टाइम’.

प्राचीन काळापासून प्रत्येक गावाची वेळ ही त्या गावचीच असे. सूर्य माथ्यावर आला की मध्यान्ह झाली, एवढा हिशेब पुरत असे. सूर्य पूर्वेकडील गावास आधी भेटतो व पश्चिमेकडील गावास मागाहून. दर एका रेखांशामागे चार मिनिटांचे अंतर पडते. या न्यायाने मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे, अशी होती. प्रवास बैलगाडीने किंवा गलबताने होत होता तोवर या फरकाची कोणास दाद नव्हती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली आणि तिच्यामागोमाग लोहमार्गांचे जाळे देशभर पसरले, तेव्हा मात्र गावोगावच्या वेळांनी गाड्या चालविणे अशक्य होऊन बसले. मद्रास हे मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर पडते, आणि तेथे १७९२ पासून वेधशाळाही होती. म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली. मुंबईकराने ती निमूटपणे मान्य केली. गाडी गाठावयाची असेल तर आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवावा आणि घरी परतल्यावर तो विसरून जावा, अशी त्याने स्वतःच्या मनाशी तडजोड केली.

ही तडजोड मोडली ती सरकारने. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या अमदानीत मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनी मद्रासच्या वेळेने चालावे असा हुकूम निघाला. त्या वेळी विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा बांधून पुरा झाल्यास तीनच वर्षे लोटली होती. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दोन लाख रुपये देऊन तो उभारविला होता, आणि त्यावरील घड्याळ हे साऱ्या शहराचे घड्याळ झाले होते. विश्वविद्यालयाने ते मुंबईच्याच वेळेवर ठेविले. तेव्हा सरकारने काय करावे? घड्याळावर जप्ती आणता येईना, काटे पुढे सरकविता येईनात. घड्याळ मद्रासची वेळ दाखविणार नसेल तर रात्री त्यावर दिवे लावण्याचा खर्च सरकार देणार नाही, असा पवित्रा सरकारने घेतला! दिवसा सूर्य फुकट उजेड देत होता, म्हणून झगडा काय तो रात्रीपुरता उरला. अखेर लोकमताचा कल पाहून दोनएक वर्षांत सरकारने आपला हुकूम मागे घेतला, आणि शहर पुन्हा आपल्या वेळेने चालू लागले.

पुढे १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ग्रिनिचची रेखा जगाची मूळ रेखा म्हणून मान्य झाली. त्या धोरणास अनुसरून हिंदुस्थान सरकारने साडेब्याऐंशी अंशांची रेखा प्रमाण धरली, आणि १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास ही ‘स्टँडर्ड टाइम’ अमलात आली. मुंबईच्या दृष्टीने घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले. योजना शास्त्रशुद्ध होती, यात वाद नाही. परंतु मुहूर्त मात्र अशुभ होता. वंगभंगास अवघे अडीच महिने झाले होते, आणि सरकारी हुकुमाकडे निःशंक दृष्टीने पाहण्याची लोकांची वृत्ती उरली नव्हती.

या बदलाची झळ सर्वांस सारखी लागली असे मात्र नव्हे. सुखवस्तू गृहस्थास एकोणचाळीस मिनिटे म्हणजे चहाचा एक पेला लवकर घेणे; गिरणी कामगारास ती झोपेतून कापून द्यावयाची होती. नव्या घड्याळाने पहाटे साडेपाचला भोंगा झाला, तर जुन्या घड्याळात चार वाजून एक्कावन्न मिनिटेच झालेली असत. संध्याकाळी सुटीही तितकीच लवकर होईल, हे गणित कागदावर बिनचूक होते. पण नुकतेच गिरण्यांतून विजेचे दिवे आले होते, त्यांच्या उजेडात कामाचे तास वाढत चालले होते, आणि प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांस कायद्याची मर्यादा नव्हती. कापड गिरण्यांपुरती बारा तासांची मर्यादा आली ती पुढे १९११ च्या कायद्याने. पूर्वी सूर्य मावळला म्हणजे काम थांबे. आता केवळ मालकाच्या घड्याळावर भरवसा ठेवावयाचा होता. म्हणून जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी मागावर जाण्याचे नाकारले आणि गिरणीवर दगड फेकले. शहरातही पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा विनंतिअर्ज तयार झाला.

सरकार या वेळी हटले नाही. पण नगरपालिकाही हटली नाही. त्याच वर्षी तिने आपल्या ताब्यातील घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवण्याचा ठराव केला. मग एकाच शहरात स्टेशनचे घड्याळ एक सांगे आणि नगरपालिकेचे दुसरेच. कोणी कोणास भेटण्याची वेळ दिली, तर ‘कोणत्या टाइमने?’ हा प्रश्न ओघानेच येई. लग्नपत्रिकेत व नाटकाच्या जाहिरातीत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ ही अक्षरे छापणे हा शिष्टाचारच होऊन बसला. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारने स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे नेली. तेव्हा सरकारची वेळ सूर्याच्या हिशेबाने मुंबईपुढे एक तास एकोणचाळीस मिनिटे धावत होती.

आणि या दीर्घ कलहाचा शेत कसा झाला? स्वातंत्र्य आले. कलकत्त्याने १९४८ साली आपली वेळ सोडली, आणि त्यानंतर काही वर्षांतच मुंबईनेही सोडली. ना मोर्चा, ना दगडफेक. एकोणचाळीस मिनिटांची गैरसोय पूर्वीइतकीच होती; सूर्यानेही आपला मार्ग बदलला नव्हता. बदलले होते ते एवढेच की, हुकूम करणारे सरकार आता परके राहिले नव्हते.

यावरून असे दिसते की, लोकांचे भांडण कधीच घड्याळाशी नव्हते. रेल्वेने सोयीसाठी मागितलेला अर्धा तास त्यांनी हसत दिला. सरकारने न विचारता घेतलेली एकोणचाळीस मिनिटे त्यांना डाचत राहिली. राज्यकर्त्यांस मोठ्या अन्यायाचे परिणाम कळतात. परंतु मनुष्याचे उठणे, जेवणे, निजणे यांवर न पुसता हात घातला म्हणजे काय होते, हे सहसा उमगत नाही. आज मुंबईत सर्व घड्याळे एक वेळ दाखवितात, आणि तेच सोयीचे आहे. सूर्य मात्र त्या शहराच्या माथ्यावर सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनीच येतो.