बहुरूप्याची संपादणी

बहुरूपी म्हणजे रोज नवे सोंग घेऊन गावात शिरणारा आणि त्या सोंगावर पोट भरणारा कलावंत. प्रदेशाप्रमाणे त्याला भोरपी, रायरंद अशीही नावे आहेत. त्याला रंगमंच नसतो, पडदा नसतो, तिकीट नसते. चावडी, खळे, लग्नाचा मांडव, दुकानाची पायरी यांतले काहीही त्याला चालते. बाकीच्या नाटकात प्रेक्षक ठरवून येऊन बसतो. इथे आपण प्रेक्षक आहोत हे माणसाला खेळ निम्मा झाल्यावर उमगते. पाश्चात्त्य शहरांत मेजवानीच्या पंगतीतच नट बसवून खुनाचे कोडे रंगवण्याचा प्रकार विसाव्या शतकात लोकप्रिय झाला. त्यातही पाहुण्यांना कोणीतरी बतावणी करणार हे आधीच ठाऊक असते. बहुरूपी तेवढीही सूचना देत नाही.

ठाणे-पालघरच्या डोंगराळ पट्ट्यात सोंगांची दुसरी मोठी परंपरा आहे ती बोहाड्याची. जव्हार, मोखाडा या भागांत देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवली जातात. पण बोहाड्यात कोणते सोंग कधी येणार आणि ते कोणाच्या घरचे, हे गावाला पाठ असते. मुखवटा तिथे देवाचा असतो, लपण्यासाठी नसतो. बहुरूप्याचा सगळा धंदा मात्र ‘हा कोण?’ या प्रश्नावर उभा आहे.

हा व्यवसाय किती जुना, याचा एक भक्कम पुरावा ज्ञानेश्वरीत सापडतो. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मधल्या या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात निष्काम कर्म समजावताना बहुरूप्याचा दाखला दिला आहे. राजा आणि राणी होऊन वावरणाऱ्या बहुरूप्यांच्या मनात स्त्री-पुरुष असा भाव नसतो, तरी लोकांसमोर ते आपली भूमिका चोख वठवतात, असा त्याचा आशय. त्यासाठी आलेला शब्द आहे ‘संपादणी’. नटाने आत अलिप्त राहून बाहेर पूर्ण रंगावे, हा अभिनयाचा विचार ज्ञानदेवांनी जाता जाता एका भटक्या कलावंताच्या आधाराने मांडला. श्रोत्यांना दृष्टान्त कळावा तर तो माणूस त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असणारच. संत एकनाथांनीही पुढे वासुदेव, जोशी, गोंधळी अशा फिरत्यांची सोंगे भारुडांत आणली.

शिवकाळाशी बहुरूप्यांचे नाते जोडले जाते ते शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्यामुळे. इथे इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या ठेवायला हव्यात. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीआधी तिथली खबर आणणारा म्हणून बहिर्जीचे नाव येते. तो फकीर, गोसावी, कोळी अशी वेषांतरे करून शत्रूच्या छावणीत वावरत असे, हे मात्र प्रामुख्याने लोककथांनी आणि कादंबऱ्यांनी रंगवलेले चित्र. ते अशक्य आहे असे नाही. हेराला आणि बहुरूप्याला लागणारे कसब एकच, आणि ज्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही असा फिरस्ता खबर काढायला सर्वांत सोयीचा. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर उल्हास नदीचे खोरेही राबत्या वाटेवर आले. मराठ्यांचे घोडे जिथे बदलले जात ते बदलापूर, अशी त्या गावाच्या नावाची उपपत्ती आजही सांगतात.

गावात आलेल्या बहुरूप्याची रीत ठरलेली होती. पाटलाच्या कानावर घालून मुक्काम टाकायचा आणि रोज एक याप्रमाणे सोंगे काढायची. शंकर, मारुती, कालीमाता ही देवांची सोंगे सोपी. रंग आणि मुकुट निम्मे काम करतात. कसोटी लागे ती माणसांच्या सोंगात. सावकार, वैद्य, दिवस भरलेली बाई, वसुलीला आलेला अंमलदार, यांत चाल, बोली आणि नजर चुकली की फजिती. अंगाला लावायला शेंदूर, काजळ, सफेदा, हळद, डोक्याला टोप, बाकी सामान गाठोड्यात मावेल एवढेच. शेवटच्या दिवशी तो आपल्या मूळ वेषात येई आणि घरोघर बिदागी मागे. ज्याला तो सर्वांत जास्त फसवू शकला, तोच हसत पसाभर धान्य जास्त घाली. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीसारख्या भातशेतीच्या गावात अशा फिरत्यांचे दिवस म्हणजे झोडणी आटोपून भात घरात आल्यानंतरचे. पावसात कोकणपट्टीतला शेतकरीही रिकामा नसे आणि त्याची कणगीही भरलेली नसे.

बोलण्यातली करामत हा या कलेचा दुसरा हात. लग्नाचे आमंत्रण द्यायला आलेला बहुरूपी यमक जुळवत असले वऱ्हाड, असले जेवण आणि असला नवरदेव वर्णन करतो की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळते, आणि आमंत्रणाला पत्ता कुठलाच नसतो.

गावाने हे सगळे प्रेमाने पोसले, असे समजण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांचा हिशेब कुणब्याच्या बाजूने मांडला आहे. खळ्यावर हात पसरणाऱ्यांची रांग संपत नाही आणि शेतकरी नागवला जातो, ही त्यांची तक्रार होती. ती शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी होती. करमणुकीची किंमत मात्र त्या हिशेबात फारशी धरलेली नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण बहुरूप्याइतकी कोणालाच लागू पडत नसेल.

इंग्रजी अमदानीत सरकारी माणसाची नवी रूपे गावात आली आणि बहुरूप्याने ती लगेच उचलली. खाकी गणवेशातला फौजदार हे त्याचे सर्वांत गाजलेले सोंग ठरले. खोटा खटला भरायचा, भरमसाट दंड सांगायचा आणि शेवटी चार आण्यांवर तडजोड करायची. ज्या शिपायाला गाव भीत असे त्याचीच नक्कल पाहून हसण्यात गावाचा थोडा सूडही होता. पण 1860 च्या भारतीय दंड संहितेने लोकसेवकाची बतावणी करणे आणि फसवण्याच्या हेतूने त्याचा वेष घालणे हे गुन्हे ठरवले होते. म्हणून बहुरूप्याच्या गणवेशात विजोड बिल्ला किंवा भलतीच टोपी ठेवून सोंग सोंगच आहे याची खूण राखणे शहाणपणाचे ठरले. पुढे 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाच किंवा खेळ करून सार्वजनिक जागी दान घेणेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले. या कायद्याला कला आणि याचना यांतला फरक मोजायचाच नव्हता. महाराष्ट्र सरकारच्या यादीत बहुरूपी भटक्या जमातींत मोडतात. म्हणजे एका कागदावर ते सवलतीस पात्र आणि दुसऱ्यावर अटकेस.

कायद्यापेक्षा मोठा घाव घातला वस्तीच्या बदलाने. उल्हास खोऱ्याचेच पाहा. कल्याणला रेल्वे 1854 मध्ये पोचली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 98 हजार होती, ती 2011 मध्ये 1 लाख 74 हजारांवर गेली. चिखलोलीचे धरण अंबरनाथला पाणी पुरवते, आणि अंबरनाथ-बदलापूरदरम्यान चिखलोली स्थानकही मंजूर झाले. सोंग ओळखायला मूळ चेहरे माहीत असावे लागतात. गावात वैद्य एकच असतो, म्हणून दुसरा आला की कुतूहल वाटते. जिथे शेजारचा माणूसच अनोळखी, तिथे अनोळखी माणसाचे कुतूहल वाटत नाही, संशय येतो.

त्या संशयाचे टोक 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली होती, आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकले. ते बहुरूपी नव्हते, पण त्याच वाटेने फिरणारे होते. अशा अफवांच्या दिवसांत वेष बदलून परक्या वस्तीत शिरणे हा जिवाशी खेळ झाला.

आता लग्नात आणि वाढदिवसाला पाहुण्यांचे स्वागत करायला मावळे, विदूषक किंवा चित्रपटातली पात्रे ठेक्याने मिळतात. पोशाख भाड्याचा, वेळ ठरलेली, आणि कोण येणार हे आधीच ठरवलेले. राजस्थानात जानकीलाल या बहुरूपी कलावंताला 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातला बहुरूपी बाजाराच्या दिवशी खाकी घालून दुकानांच्या रांगेसमोरून फिरताना अजून दिसतो. तो दंड सांगतो, दुकानदार हसतो आणि दहाची नोट पुढे करतो. कारण तो फौजदार नाही हे आता दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असते.