नऊ दातांची नोंद

गेल्या पावसाळ्यात चिक्कीचा तुकडा चावताना माझ्या समोरच्या दाताचा टवका उडाला. दंतवैद्यांनी दातावर आम्ल लावले, दाताच्याच रंगाचा लेप चढवला आणि निळ्या प्रकाशाने तो कडक केला. अर्ध्या तासात काम झाले. दुसऱ्या दिवशी तासाला उभी राहिले तेव्हा कोणाच्या काही ध्यानातही आले नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात वर्गात व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मधील फान्तीनचे प्रकरण चालू होते. मुलीच्या औषधासाठी चाळीस फ्रँक हवेत म्हणून फान्तीन आपले वरचे समोरचे दोन दात एका फिरत्या दंतवैद्याला विकते, तो प्रसंग. त्याआधी तिने दहा फ्रँकला केस विकलेले असतात. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, केसांचे ठीक आहे, गंगावन होते. पण दात कोण विकत घेईल? हे जरा अतिरंजित नाही का?"

प्रश्न रास्त होता. स्वच्छंदतावादी कादंबरीतला भडकपणा म्हणून आपणही हा प्रसंग बरेचदा मनातल्या मनात माफ करून पुढे जातो. वस्तुतः येथे ह्यूगोने काहीच रचलेले नाही. त्या काळी मोडलेल्या दातावरचा एक सर्वमान्य उपाय म्हणजे दुसऱ्याचा दात हाच होता.

आधुनिक दंतवैद्यकाचा पाया ज्या ग्रंथाने घातला असे मानले जाते, तो पिएर फोशार याचा फ्रेंच ग्रंथ १७२८चा. दाताची धार तुटली असेल तर कानस लावून ती गुळगुळीत करावी. वरचा भाग पार गेला असून मूळ शाबूत असेल तर त्या मुळात सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर नवा दात चढवावा, ही पद्धत त्याने तपशिलाने वर्णिली. हा नवा दात माणसाचा असे, नाहीतर पाणघोड्याच्या वगैरे दातापासून कोरलेला असे. जनावराचा दात लवकर पिवळा पडे. माणसाचा दात दिसायला अस्सल. मागणी कशाला येणार हे उघड होते.

लंडनचा विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर याच्या पुढे गेला. कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रोवून तो तेथे रुजतो, असे त्याने प्रयोगाने दाखवले (तो नमुना लंडनच्या हंटर संग्रहालयात आजही आहे). मानवी दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१चा. जिवंत माणसाचा ताजा दात उपटून तो लगेच रुग्णाच्या हिरडीत बसवावा, हा विचार त्याने उचलून धरला. आणि पहिला दात नीट बसला नाही तर पंचाईत नको म्हणून दात देणारी दोनचार माणसे हाताशी तयार ठेवावीत, असा व्यावहारिक सल्लाही दिला. ज्याचा दात उपटला आणि बसला नाही, त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. असे रोवलेले दात फार काळ टिकत नसत आणि त्यांतून उपदंशासारखे रोग पसरल्याची तक्रार पुढे होऊ लागली. अर्थात रोग दात घेणाऱ्याला झाला म्हणून ती तक्रार लिहिली गेली.

टॉमस रोलंडसनचे १७८७चे व्यंगचित्र याच विषयावर आहे. धुरांडी साफ करणाऱ्या काळवंडलेल्या पोराचा दात उपटला जातो आहे, शेजारी एक नटवी बाई वाट पाहत बसली आहे. डावीकडे दारातून दोन फाटकी मुले गाल धरून बाहेर पडताहेत, त्यांतल्या एकाची नजर हातातल्या नाण्यावर आहे. दारावर पाटी: जिवंत दातांना सर्वाधिक भाव मिळेल.

भाव किती, हे सांगणारा एक कागद समुद्रापलीकडे, अमेरिकेत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती ही दंतकथाच (श्लेषाबद्दल क्षमस्व). त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, शिसे, गाईचे दात आणि माणसांचे दात होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली म्हण इतक्या शब्दशः खरी ठरलेली मला दुसरीकडे आढळलेली नाही.

माउंट व्हर्नन येथील त्याच्या मळ्याच्या खतावणीत मे १७८४ची एक नोंद आहे: डॉक्टर लेमॉयर यांच्या खाती, नऊ दातांबद्दल निग्रोंना रोख ६ पौंड २ शिलिंग. हा डॉक्टर म्हणजे झाँ पिएर ल मेयर, वॉशिंग्टनचा फ्रेंच दंतवैद्य. हे दात धन्याच्याच तोंडात गेले असे नोंदीवरून सिद्ध होत नाही. दात गुलामांचे होते, एवढे होते. ल मेयर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन समोरच्या एकेका दाताला दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग देऊ करी. रिचमंडच्या जाहिरातीत 'गुलाम वगळून' असा खुलासाही होता. मळ्यावरचा हिशेब केला तर दाताला साडेतेरा शिलिंग पडतात, तिसरा हिस्साही नाही. शिवाय व्हर्जिनियाचा पौंड इंग्लंडच्या पौंडाहून हलका होता. पैसे दिले म्हणून हा व्यवहार राजीखुशीचा होता असे काही अभ्यासक सुचवतात. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला कोणत्या अर्थाने होकार म्हणावे, हे मला उमगत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८१५च्या वॉटर्लूच्या रणांगणावरून मृत सैनिकांचे दात पोत्यांनी इंग्लंडात आले. 'वॉटर्लूचे दात' हे नावच पडले. चिनी मातीच्या दातांचे इंग्लंडमधले पेटंट १७९१चे असले तरी ते चांगले आणि स्वस्त व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. माझ्या दाताला लावलेल्या लेपामागचे तत्त्व, म्हणजे आम्लाने दात खरखरीत करून त्यावर राळ चिकटवणे, मायकेल ब्युनोकोर याने १९५५ साली मांडले. ह्यूगोची कादंबरी १८६२ची, पण फान्तीनचा प्रसंग १८२३च्या सुमाराचा. तेव्हा दातांचा बाजार चालू होता, आणि दोन दातांना दोन नेपोलियन हा त्या बाजारातला अगदी पटण्याजोगा भाव.

हे सारे मी पुढच्या तासाला वर्गात सांगितले. त्याच विद्यार्थिनीने त्या नऊ दातांच्या मालकांची नावे विचारली. खतावणीत डॉक्टरचे नाव, दातांची संख्या आणि रक्कम एवढेच लिहिले आहे. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १७८६मध्ये, वॉशिंग्टनने आपल्या मळ्यांवरच्या २१६ गुलामांची नावनिशीवार यादी रोजनिशीत उतरवली. कोण कोणत्या मळ्यावर आणि कोणते काम करतो, ते तीत आहे. समोरचे दात कोणाचे गेले होते, ते तीत नाही.